आमची वाटचाल : नालबंदी आणि पागा

नेरळला आजोबांनी ऐरण मांडली ती माथेरानच्या घोड्यांच्या भरवशावर, आणि आजही आमचे पोट नालबंदीवरच चालते. पागा मात्र आम्ही २०१६ साली सुरू केली. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील व्हिक्टोरिया, म्हणजे हौशी फेऱ्यांच्या घोडागाड्या, बेकायदा ठरवून त्या बंद करण्यास वर्षाची मुदत दिली होती. ती संपता संपता चार घोडे आमच्या दारी आले. त्यांत चांदणी नावाची पांढरी घोडी होती.

डांबरी रस्त्यावर आयुष्य गेलेल्या चांदणीच्या पुढच्या दोन्ही खुरांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली वेदनादायक सूज, होता. ती पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागच्या पायांवर तोलून उभी राहत असे. खुराच्या थोडे वर, पायाच्या मागच्या बाजूला बोट टेकवले की ठणठण नाडी लागे. वडिलांच्या जुन्या सांडशीने मी तिचे नाल एकेक खिळा सैल करून काढले आणि दर चार आठवड्यांनी कानशीने पुढची कड घासत राहिलो. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे नवा खूर येण्यास वर्ष लागले. उपाशी घोडा आणणाऱ्यांना येथेच सांगून ठेवतो : दया आली म्हणून पहिल्या दिवशी चंदीचा तोबरा भरू नका. एकदम धान्य मिळाले की रक्तातील क्षार ढासळून हृदय बंद पडू शकते. लसूणघास थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा द्यावा.

तिसऱ्या वर्षी एका घोड्याच्या नाकातून घट्ट शेंबूड येऊ लागला आणि जबड्याखाली गाठ आली. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाच्या शंकेने रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेले. ग्लँडर्स निघाला असता तर जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार तो घोडा मारावा लागला असता. आम्ही स्वतःहून दुकान बंद केले. अहवाल निर्दोष आला, गाठ फुटली, आजार स्ट्रँगल्स, म्हणजे घशाच्या गाठी पिकवणारा पण सहसा बरा होणारा, होता. परंतु याच रस्त्यावरच्या एका नालबंदाने तोपर्यंत माथेरानच्या वेशीवर, घोडेवाले उभे असतात त्या दस्तुरी नाक्यावर, सांगून टाकले होते की, ‘त्यांच्या कानशीलाच ग्लँडर्स लागलाय.’ अहवाल दाखवूनही गिऱ्हाईक फिरकेना. तीन महिने एक नाल ठोकला नाही, औषधांची उधारी डोक्यावर होती आणि ऐरण विकण्यापर्यंत वेळ आली. कोणत्याही घोड्याला हात लावण्यापूर्वी अवजारे कशी उकळतो, हे त्या गृहस्थांनी येऊन पाहिले असते तरी पुरे होते. त्यांच्याकडे गेलेली पाच घरे आजही परतलेली नाहीत, आणि हे मी विसरलेलो नाही.

त्या दिवसांत दस्तुरीचे एक वयस्कर घोडेवाले चाचा, घोडा घरी ठेवून, डोंगर पायी उतरत आणि फाटकाबाहेर गवताची पेंढी ठेवून परत जात. अहवालानंतर नाल मारून घ्यायला पहिला घोडाही त्यांचाच आला.

चांदणी पुढच्या पावसाळ्यात गेली. रात्री ती पुन्हा पुन्हा कुशीकडे वळून पाहू लागली, मग जमिनीवर लोळू लागली. मी पोटाला कान लावला; एरवी जिथे सतत गुरगुर चालते तिथे काहीच ऐकू आले नाही. नाडी मिनिटाला ८०, म्हणजे एरवीच्या सुमारे दुप्पट होती. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, परंतु आतड्याला पीळ पडला होता आणि शस्त्रक्रियेपर्यंत ती टिकली नसती. पहाटे दयामरणाचे इंजेक्शन देईपर्यंत तिचे डोके माझ्या मांडीवर होते.

पुरण्यापूर्वी तिचा जोडीदार बादल याला आम्ही तिच्याजवळ सोडले. सोबतीचा घोडा दृष्टीआड करू नये, त्याला हुंगू द्यावे. नाहीतर तो दिवसेंदिवस शोधत राहतो. बादलने तिची आयाळ हुंगली, तासभर तिथेच उभा राहिला आणि नंतर तीन दिवस चंदीला तोंड लावले नाही. चौथ्या दिवशी चाचांनी आपली म्हातारी घोडी खाली आणून चांदणीच्या ठाणावर बांधली. तिला खाताना पाहून बादलने गवत ओढले. ती घोडी चाचांनी परत नेली नाही.