जुन्या गाडीचा चिरलेला पेट्रोल पाइप

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यात बॉनेटखालची धग. जुना रबरी पाइप बहुधा क्लिपपाशीच चिरतो. इंजिन थंड करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एम-सील, टेपच्या नादी लागू नका, अख्खा तुकडाच बदला. पाण्याची पारदर्शक नळी तर नकोच, पेट्रोलने ती कडक होऊन तडकते. कार्बोरेटरच्या गाडीत पाइपातल्या पेट्रोलचा दाब अगदी कमी. इंजेक्शनच्या (दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत साधारण ३ बार, म्हणून तिथे इंजेक्शनचाच होज (रबरी पाइप) घ्या आणि जुना पाइप उघडण्याआधी त्यातलं प्रेशर उतरवा. आतला व्यास तोच ठेवा, होज धातूच्या नळीवर किमान २५ मिमी चढवा. खाचांची क्लिप रबर कापते, गुळगुळीत पट्टीची घ्या. मग बॅटरीची वायर परत जोडा आणि इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने टिपून बघा.