नवतप्यात बटाट्याचं क्रीम

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात व्हिप क्रीमचा भरवसा धरता येत नाही. पारा 45 च्या घरात, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि माझ्या केकच्या क्लासला मात्र याच सुट्ट्यांत सगळ्यात जास्त बायका येतात.

त्या दिवशी शेल बॉर्डर, म्हणजे केकच्या कडेने क्रीमच्या शंखांची ओळ, शिकवायची होती. क्रीम फेटून झालं आणि लाइट गेली. कूलर बंद, फ्रिज बंद. पहिल्याच केकवर काढलेले शंख बघता बघता बसले आणि कडेवरून ओघळायला लागले. "मॅडम, हे तर पातळच होऊन राहिलं जी," एकजण म्हणाली.

क्लास रद्द करणं मला पटेना. कोणी मानेवाड्याहून, कोणी थेट कामठीहून उन्हातान्हात आलेली. म्हटलं, आज खऱ्या केकला हात लावायचा नाही, डमी म्हणजे सरावाचा खोटा केक करू.

थर्माकोल मी कधीच सोडलाय. 2018 पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे कापताना उडणारे ते पांढरे दाणे. ते हाताला, ओढणीला, भांड्याला चिकटतात. जिथे खाण्याचं काम चालतं तिथे मला ते नकोतच.

घरात नव्या कूलरचं खोकं पडलं होतं. आठ इंची डब्याचं झाकण ठेवून पेन्सिलीने गोल आखले आणि कटरने कापले. असे वीसेक गोल फेव्हिकॉल लावून एकावर एक ठेवले की चार इंच उंची होते. मात्र खालच्या काही चकत्यांना मधे भोक पाडून त्यात वाळूची पुरचुंडी बसवायची. हे कोणी करत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. क्रीम पसरायच्या पॅलेट नाइफचा दाब पडला की हलका डमी टर्नटेबलवर, म्हणजे केक ठेवायच्या फिरत्या पाटावर, सरकतो. खऱ्या केकला वजन असतं, हाताला त्या वजनाची सवय लागायला हवी. मग वरवंटा ठेवून थोडा वेळ दाबलं, कडेने पातळ पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळली, वरून क्लिंग फिल्म ताणून लावली आणि बुडाला दुहेरी टेप लावून बोर्डवर पक्कं केलं. फिल्ममुळे क्रीम खरवडून पुसता येतं, डमी पुन्हा नवा.

आता वर लावायचं काय? एरवी सरावाला डालडा आणि पिठीसाखर चालते, पण वनस्पती तूप 31 ते 41 अंशांच्या दरम्यान वितळतं. आमचं स्वयंपाकघर त्याच्या वर गेलेलं. रॉयल आयसिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखरेचं मिश्रण, वितळत नाही, पण या कोरड्या हवेत ते नोझलच्या, म्हणजे पिशवीला लावायच्या नक्षीच्या टोकाच्या, तोंडाशीच कडक होतं. शेवटी कुकर लावला. बटाटे उकडून, गरम असतानाच चाळणीतून घासून काढले, बेताचं दूध आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून मळले. एक गुठळी राहिली तरी नोझल तुंबतं, म्हणून दोनदा चाळले. पायपिंग बॅगमध्ये भरलं तर अगदी घट्ट क्रीमसारखं उतरायला लागलं. वितळायचा प्रश्नच नाही.

नागपुरातल्या महाल भागातून एक ताई येतात. हात चांगला, पण दर वेळी अर्धी बॉर्डर काढून थांबायच्या. केक घरी पोरांसाठी न्यायचा असायचा, क्रीमचा पैसा खिशातून गेलेला. बिघडला तर काय, ही धास्ती त्यांच्या मनगटात बसलेली मला दिसायची. शंख काढताना स्टार नोझल तिरकं धरायचं, दाबून फुगू द्यायचं आणि दाब सोडत मग ओढायचं. त्या दाब सोडायच्या आधीच ओढायच्या, म्हणून शेपटी जाड यायची.

त्या दुपारी त्यांनी पूर्ण फेरी काढली. बघितली, खरवडली, बटाटा परत बॅगेत भरला. पुन्हा काढली, पुन्हा खरवडली. घामाने पदर भिजला तरी थांबेनात. बाकीच्या पन्हं प्यायला उठल्या, ताई उठल्या नाहीत. मी नुसती त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. आधी तो बॅगेवर सतत आवळलेला होता, मग हळूहळू दाबणं आणि सैल सोडणं वेगवेगळं दिसायला लागलं. एका फेरीत शेपट्या बारीक झाल्या. पुढच्या फेरीत प्रत्येक शंख आधीच्याच्या शेपटीवर नेमका बसला. मला राहवलं नाही, मी मोठ्याने "वा!" म्हटलं. त्यांनी मानही वर केली नाही.

मी इतकी वर्षं शिकवते, पण भीती हातातून अशी उतरताना इतक्या जवळून पाहिली नव्हती. महागडी नोझलं आणि टर्नटेबल नंतर घ्या, असं मी आता प्रत्येकीला सांगते. आधी बिघडलं तरी चालेल अशी वस्तू समोर हवी.

लाइट आली तोवर ऊन कललं होतं. ताईंनी विचारलं, "मॅडम, हा डमी घरी नेऊ का? पोरं झोपली का काढत बसीन." मी त्यांना डमी दिला आणि वर दोन नोझलंही दिली.

आता नवी बॅच सुरू झाली की पहिल्या दिवशी येताना घरातलं एखादं कोरडं, जाड खोकं आणि किलोभर बटाटे आणायला सांगते.