आबांना विमान दिसावं म्हणून

दर रविवारी आबा माझ्याबरोबर माळावर येतात, खुर्ची टाकून बसतात आणि माझं रिमोटवर उडणारं विमान ऐकतात. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत उभी हयात गेलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही लांबचं नीट दिसत नाही. विमान वर गेलं की त्यांच्यापुरता नुसता आवाज उरतो. "आता कुठं हाय रं?" असं ते विचारत राहतात. म्हणून यंदा ठरवलं, विमानाला धूर बसवायचाच.

विमान सव्वादोन मीटर पंखांचं, इंजिन ५५ सीसी टू-स्ट्रोक पेट्रोल. धुरासाठी लागतं ते लाइट लिक्विड पॅराफिन नावाचं तेल, केमिकलच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं. डिझेल वापरू नका. वास तर येतोच, शिवाय शेपटीपर्यंत चिकट काळपट थर बसतो.

तेल जळतं म्हणून धूर येतो असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही आधी तसंच वाटायचं. ते जळत नाही. तापलेल्या मफलरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये, त्याची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत आली की तिचे बारीक थेंब होतात. गुऱ्हाळावर गेलाय ना कधी? चिपाडं जळून चिमणीतनं निघतो तो धूर, आणि काहिलीवरनं उठते ती पांढरी वाफ. आपल्याला हवं ते काहिलीवरचं. म्हणजे सगळा खेळ उष्णतेचा. मफलर तापलेला नसेल तर तेल तसंच पाझरून विमानाच्या पोटाला लागतं.

तेल आत जायच्या आधीच गरम व्हावं म्हणून मफलरच्या आत ३ मिमी पितळी नळीचं वेटोळं बसवायचं होतं. पहिल्यांदा मी घरीच साध्या कथिलाचा डाग दिला. कथिल २०० अंशांच्या आसपासच वितळतं, मफलरच्या आत त्याचा काय निभाव लागणार? दुसऱ्याच दिवशी नळी सुटली. मग शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांनी मफलर हातात घेऊन फिरवला, आत बोट घातलं आणि विचारलं, "लेका, सायलेन्सरमधनं धूर येऊ नये म्हणून लोक येतात माझ्याकडं. तुला काढायचाय व्हय?" सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी ब्रेझिंग केलं, म्हणजे कथिलापेक्षा खूप जास्त उष्णतेवर वितळणाऱ्या धातूनं डाग दिला. सांधा गार झाल्यावर नखानं खरवडून दाखवला. एक टिपूस गळत नाही अजून.

तेल मफलरमध्ये ढकलणारा पंप गिअरचा, त्याला वेगळी बॅटरी. रिमोटचा इशारा घेणाऱ्या विमानातल्या रिसीव्हरच्या बॅटरीवर तो भार टाकायला माझा जीव धजत नाही. नळी औषधाच्या मापात सोडून १५ सेकंद पंप चालवला, ३० मिली भरलं. म्हणजे मिनिटाला १२० मिली, अर्ध्या लिटरच्या टाकीत चार मिनिटं. एवढं तेल सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं आणि उडता उडता संपतं, म्हणून टाकी बरोबर तोलाच्या जागी ठेवली. पुढेमागे ठेवली असती तर दर मिनिटाला विमानाचा तोल बदलला असता. पेट्रोलची नळी पिवळी, धुराची काळी. घाईत धुराच्या टाकीत पेट्रोल गेलं आणि ते तापलेल्या मफलरमध्ये पोचलं तर सरळ आग, त्यामुळे यात हयगय नाही.

एक चूक मात्र झालीच. शनिवारी रात्री टाकी भरून ठेवली आणि सकाळी बघतो तर फरशीभर तेल. टाकी वर, मफलर खाली, आणि बंद असला तरी गिअर पंप तेल पूर्ण अडवत नाही. प्रॉपेलर हातानं फिरवला तर जड लागला. जोर न लावता आधी प्लग काढला, मग इंजिन हळूहळू फिरवून आतलं तेल बाहेर काढलं. तेव्हापासून नळीत स्प्रिंगचा वनवे व्हॉल्व्ह आहे, पंपाचा दाब आल्याशिवाय तो उघडत नाही, आणि टाकी माळावर गेल्यावरच भरतो.

रेडिओत, म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये, पंपाला वेगळा स्विच दिला आणि तो थ्रॉटलशी, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांडीशी, मिक्स केला. अर्ध्याच्या खाली थ्रॉटल आला की स्विच चालू असला तरी पंप बंद. नाहीतर कमी थ्रॉटलवर गार मफलर तेलानं भरतो आणि ऐन उतरताना इंजिन बंद पडू शकतं. फेलसेफलाही, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला तरी, पंप बंदच.

उजळाईवाडीला विमानतळ आहे, त्यामुळे आम्ही तिथनं लांब, गारगोटी रस्त्याच्या बाजूला पाहुण्यांच्या माळावर जातो. सकाळी साडेसातला वारा पडलेला असतो. त्या दिवशी दोन मिनिटं नुसतं फिरवून मफलर तापवला, मग फुल थ्रॉटल देऊन स्विच टाकला. एक-दोन सेकंद काहीच नाही. मग शेपटीमागं दुधासारखी जाड पांढरी रेघ उमटली. विमान वर नेलं, लूप मारला, आणि अख्खा गोल आभाळात तसाच राहिला.

आबा खुर्चीतनं उठले होते. डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वरनं चिमटलाय."

खरंच चिमटला होता. वर गेल्यावर वेग कमी होतो, तिथं एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी, थोडा सैल सोडायला हवा, मी तसाच ओढून धरला होता. इतकी वर्षं मला माझे लूप गोलच वाटत होते. उरलेल्या तेलात आणखी चार मारले. चौथ्याला आबांनी मान डोलावली.