एका ऋण चिन्हावर अडलेला ब्रौअर ग्रुप: माझा अनुभव

स्वीडलरच्या चार-मितीय हॉप्फ अल्जिब्राचा, म्हणजे एच-फोरचा, ब्रौअर ग्रुप हाताने काढायचा तर काम दोन पानांचं आहे. (हॉप्फ अल्जिब्रा म्हणजे गुणाकारासोबत कोप्रॉडक्टही असलेला अल्जिब्रा. ब्रौअर ग्रुप म्हणजे तो ज्यांच्यावर चालतो अशा ठरावीक अल्जिब्रांचे क्लास, टेन्सरने गुणले जाणारे.) मला त्यातल्या एकाच ओळीनं धरून ठेवलं. ती ओळ उलगडून लिहिलेली मला एकाही टिपणात सापडली नाही. सगळीकडे 'हे सहज दिसते' म्हणून पुढे! तो राग अजून गेलेला नाही. कोल्हापुरात एम.एस्सी. झाल्यावर सेट-नेटच्या अभ्यासातून वेळ काढून हा विषय वाचणारी मंडळी मोजकीच आहेत, त्यांचे तरी दिवस वाचावेत म्हणून लिहितोय.

मांडणी अशी. फील्ड क, कॅरॅक्टरिस्टिक २ सोडून कुठलीही. जनरेटर दोन, ग आणि ह: ग·ग = १, ह·ह = ०, ग·ह = −ह·ग. कोप्रॉडक्टमध्ये, म्हणजे गुणाकारावर जनरेटर कसा चालतो ते सांगणाऱ्या नियमात, ग जातो ग⊗ग वर आणि ह जातो १⊗ह + ह⊗ग वर. काही लेखांत ह⊗१ + ग⊗ह असतं. दोन्ही बरोबर, पण एका वहीत दोन्ही नकोत. पहिल्या पद्धतीत ह चा अँटिपोड, म्हणजे ग्रुपातल्या व्यस्तासारखं काम करणारी प्रतिमा, ग·ह येतो, दुसऱ्या पद्धतीत −ग·ह. सुरुवातीलाच कोणती पद्धत घेतली ते पानाच्या डोक्यावर लिहून ठेवा.

आर-मॅट्रिक्स, म्हणजे टेन्सरमधल्या दोन घटकांची अदलाबदल कशी करायची ते ठरवणारा घटक, सर्वांत साधा घ्या: १/२ (१⊗१ + १⊗ग + ग⊗१ − ग⊗ग). यात ह येतच नाही. त्यामुळे ब्रेडिंग, म्हणजे ती अदलाबदल, हे नेहमीचं सम-विषम चिन्ह (ग ने न बदलणारे घटक सम, चिन्ह बदलणारे विषम), आणि अझुमाया असणं, म्हणजे ब्रौअर ग्रुपात बसण्याची अट, हे ग्रेडेड सेंट्रल सिंपल असणं (सम-विषम चिन्ह धरून केंद्रात फक्त स्केलर, आणि मधला कुठलाही ग्रेडेड आयडियल नाही). ह विसरलात की हातात ब्रौअर-वॉल ग्रुप येतो, म्हणजे सम-विषम अल्जिब्रांचा ब्रौअर ग्रुप, वॉल यांनी १९६४ मध्ये मांडलेला. इथवर काहीच अडत नाही.

आता ह. अल्जिब्रावर त्याचा नियम ह(स·त) = स·ह(त) + ह(स)·ग(त). अल्जिब्रा ग्रेडेड सेंट्रल सिंपल असेल तर असा एकच विषम घटक व मिळतो की ह(स) = स·व − व·ग(स). ह दोनदा लावलं की स·(व·व) − (व·व)·स उरतं. ते शून्य हवं, म्हणून व·व हा स्केलर. त्याला अ म्हणू. सगळा जीव या अ मध्ये आहे.

दोन बाय दोन मॅट्रिक्सवर हे करून बघाच. ग म्हणजे कर्णावर १, −१ असलेल्या मॅट्रिक्सने कॉन्जुगेशन, आणि व = अ·इ१२ + इ२१ (इ१२ म्हणजे पहिल्या ओळीत, दुसऱ्या स्तंभात १ आणि बाकी शून्य; इतरही तसेच). मग ह(इ१२) = १, ह(इ२१) = अ, ह(इ११) = अ·इ१२ − इ२१. यावर पुन्हा ह लावा: अ − अ, म्हणजे शून्य. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि चिन्हाची चूक तिथल्या तिथे पकडते.

आणि आता ती ओळ. दोन क्लास गुणले की त्यांच्या व·व च्या किमतींची, अ आणि ब यांची, बेरीज व्हायला हवी. मी दोन बाय दोनच्या दोन प्रती घेतल्या, क्रोनेकर गुणाकाराने चार बाय चार मॅट्रिक्स बनवल्या, नवा व = व१⊗१ + १⊗व२ धरला आणि वर्ग केला. आलं अ + ब + २·व१⊗व२. शेवटचं पद स्केलर नाही, आणि काही केल्या जाईना. उदाहरण चुकलं असेल म्हणून दुसरं घेतलं. मग व एकमेव असण्याचा पुरावा पुन्हा तपासला. मग अँटिपोडवर संशय घेतला. सगळं ठीकच होतं. सेज या गणिती सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तरी तेच उत्तर, कारण तिथला क्रोनेकर गुणाकारही सम-विषम ओळखत नाही.

चूक टेन्सरमध्येच होती. साध्या टेन्सरवर ह चा नियम मुळात टिकतच नाही. स = त = इ१२ घ्या आणि (१⊗त)·(स⊗१) वर ह दोन रीतींनी लावा. आधी गुणून मग ह लावला तर इ१२⊗१ − १⊗इ१२ मिळतं. नियमाने उलगडलं तर −इ१२⊗१ + १⊗इ१२. नेमकं उलट चिन्ह! ग्रेडेड टेन्सरमध्ये दोन विषम घटक एकमेकांना ओलांडताना जे ऋण चिन्ह पडतं, ते इथे गायब होतं. ही परीक्षा मी पहिल्याच दिवशी घेतली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

मॅट्रिक्समध्ये ते चिन्ह आणायचं कसं, हे सांगायचं सगळे विसरतात. १⊗व२ च्या जागी द⊗व२ लिहा. द म्हणजे तोच कर्णावर १, −१ वाला मॅट्रिक्स. द आणि व१ उलटसुलट गुणले की चिन्ह बदलतं, म्हणून मधली पदं एकमेकांना खातात आणि उरतं अ + ब. आता कोणी वही घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न, "भावा, टेन्सर कुठला घेतलायस?"

पुढचं झरझर होतं. ब्रौअर-वॉल क्लास क्षुल्लक आणि अ = ० असेल तर व हा ग·ह ची जागा घेतो आणि अल्जिब्रा एखाद्या एच-फोर मॉड्यूलचा एंडोमॉर्फिझम अल्जिब्रा ठरतो. म्हणजे उत्तर: ब्रौअर-वॉल ग्रुप गुणिले क चा बेरजेचा ग्रुप. व्हॅन ओयस्टेयन आणि झांग यांचा २००१ चा निकाल हाच. वास्तव संख्यांवर पहिला भाग ८ घटकांचा चक्रीय, संमिश्र संख्यांवर २ घटकांचा. ३ घटकांच्या फील्डवर ४ गुणिले ३, म्हणजे १२ घटकांचा चक्रीय ग्रुप. ५ घटकांच्या फील्डवर २० घटक, पण चक्रीय नाही, कारण तिथे −१ हा वर्ग आहे. नेहमीच्या ब्रौअर ग्रुपात प्रत्येक क्लासची ऑर्डर सांत असते. इथे कॅरॅक्टरिस्टिक ० असेल तर शून्येतर अ कितीही वेळा मिळवला तरी संपत नाही. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा सगळा वैताग वसूल झाला.

आधी सांगायचं राहिलं: कॅरॅक्टरिस्टिक २ का नको, ते द्विमितीय उदाहरणात उघड दिसतं. एकच विषम घटक उ, आणि उ·उ = च, ह(उ) = ड घेतलं की व = (ड/२च)·उ आणि अ = ड·ड/४च. छेदात २ बसलाय. आर-मॅट्रिक्समध्येही आहेच.

आर-मॅट्रिक्सचं एक-पॅरामीटर कुटुंब आहे. त्या प्रत्येकासाठी ग्रुप आयसोमॉर्फिकच येतो, तेव्हा पॅरामीटर शून्य ठेवूनच सुरुवात करा. एच-फोर हातात बसला की ई(एन) कडे, म्हणजे एका ग सोबत एन ह असलेल्या हॉप्फ अल्जिब्राकडे, वळा, मिती २ चा (एन+१) वा घात. तिथे एन व मिळतात, आणि त्यांच्या जोड्यांची व१·व२ + व२·व१ सारखी पदं स्केलर निघतात. म्हणून अ च्या जागी सिमेट्रिक मॅट्रिक्स येतो. कार्नोव्हाले आणि कुआद्रा यांनी ते पूर्ण केलंय. एन = २ हाताने होतं. द मात्र तिथेही विसरू नका.