श्वार्त्सवाल्डमधले पिफरलिंग: रंगाला भुलू नका

जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डमध्ये (ब्लॅक फॉरेस्ट) फ्रायबुर्गहून टिटिझेकडे जाणारी गाडी होलेन्टालचा घाट चढून हिंटरत्सार्टनला थांबते. उंची साधारण ९०० मीटर. ऑगस्टमध्ये चांगला पाऊस होऊन आठ-दहा दिवस उलटले की आम्ही इथेच उतरतो, कारण स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं जंगल स्टेशनवरून पायी गाठता येतं. शोधायचे असतात पिफरलिंग, म्हणजे शांतरेल नावाच्या पिवळ्या रानअळंब्या. ऑस्ट्रियात यांनाच आयरश्वामर्ल म्हणतात. 'आयर' म्हणजे अंडी. रंग थेट बलकाचा.

ही अळंबी जिवंत झाडाच्या मुळांशी जोडलेली असते. म्हणून तिची शेती होत नाही आणि म्हणूनच जागा वर्षानुवर्षं तीच राहते. स्प्रूस किंवा बीचची झाडं, खाली जाड शेवाळ, आजूबाजूला बिलबेरी या रानबेरीची झुडपं, असा उतार धरायचा. एक दिसली की पाऊल पुढे टाकू नका. तिथेच उकिडवे बसा. शेवाळात अर्ध्या बुडालेल्या बाकीच्या तेव्हाच दिसतात.

आता चाकू. पिवळा रंग बघून टोपली भरणारे इथेच फसतात. टोपी उलटी करा. खऱ्या पिफरलिंगला खाली सुटी पाती नसतात. बोथट शिरा असतात, फाटे फुटत देठावर उतरणाऱ्या, नखाने खरवडूनही वेगळ्या न होणाऱ्या. उभी चिरा: आतला गर फिकट, उकडलेल्या कोंबडीसारखा तंतूतंतूने सुटणारा. वास हलका, जर्दाळूचा. तिच्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या शांतरेलची पाती पातळ, दाट, गडद नारिंगी आणि गर मऊ असतो. तिच्याने पोट बिघडू शकतं. खरी भीती कोर्टिनॅरियस रुबेलस या विषारी अळंबीची. तीही याच शेवाळात उगवते, तपकिरी-नारिंगी, सुट्या गंजकट पात्यांची. तिच्यातलं ओरेलॅनिन हे विष मूत्रपिंडं निकामी करतं, शिजवूनही जात नाही, आणि त्रास सुरू व्हायला दोन दिवसांपासून दोन आठवडेही लागतात. तोवर जेवण कुणाला आठवतंय! कोकणात वारुळावरची अळंबी ओळखणाऱ्यांनीही ती नजर इथे वापरू नये.

जर्मनीत पिफरलिंग संरक्षित आहे. घरापुरती थोडीच घेता येते. माणशी दिवसाला एक किलोच्या पुढे आम्ही जात नाही. हिरव्या कडेचा, गरुडाचं चित्र असलेला त्रिकोणी फलक दिसला तर राखीव क्षेत्र समजा आणि तोडू नका. कापावी की उपटावी यावर इथे तावातावाने वाद होतात, पण स्वित्झर्लंडमधल्या २९ वर्षांच्या अभ्यासात दोन्हींचा पुढच्या पिकावर परिणाम दिसला नाही. माणसांनी जमीन तुडवल्यावर मात्र अळंब्या कमी झाल्या. नखाएवढ्या पिल्लांना हात लावू नका. वेताची टोपली घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून दोन तासांत चिखल होतो. पँट मोज्यांत खोचा, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड तपासा.

माती तिथेच ब्रशने झाडा. घरी फार मातकट निघाल्याच तर वरून चमचाभर मैदा भुरभुरवून हाताने चोळा आणि झटकन धुवा. मैद्याला चिकटून माती निघते. भिजत ठेवल्या की स्पंज होतात. कच्च्या खाऊ नयेत. तापलेल्या रुंद कढईत आधी कोरड्याच टाका. पाणी सुटेल, ते आटू द्या, मग लोणी आणि बारीक कांदा, मीठ शेवटी. कढई गच्च भरली तर परतल्या न जाता उकडतात आणि रबरासारख्या लागतात. उरलेल्या कच्च्या फ्रीजरमध्ये टाकल्या तर कडवट होतात; परतून मगच ठेवा. वाळवू तर नकाच, चामडं होतं.