बेळगाव ते सिंगापूर: तपकिरीची डबी, खसखस आणि बाकीचं सामान

सिंगापूरचं तिकीट निघालं आणि घरात पहिली चर्चा झाली ती दशम्या किती करायच्या याची. टिळकवाडीतून मी आणि आई, खानापूरहून आत्या, निपाणीहून मामा-मामी असा आमचा लवाजमा. मामा आणि आत्या पहिल्यांदाच देशाबाहेर पडत होते. सगळ्यांच्या मनात भीती चोरांची, आणि तिची सिंगापुरात फारशी गरज नाही. रात्री उशिरा बायका बिनधास्त एकट्या रस्त्यानं जाताना दिसतात. तिथं नडतात त्या आपल्याच बॅगेतल्या वस्तू, ज्यांच्याकडे आपल्या घरात कुणी ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे निघण्याआधीचे दोन दिवस नीट वापरा.

आधी कागद. पासपोर्टसाठी हुबळीला सेवा केंद्र आहे, बेळगावच्या मुख्य पोस्टातही सोय आहे. आपल्याकडचं खरं दुखणं नावाचं. शाळेचा दाखला मराठी, आधार कन्नड आणि इंग्रजी, लग्नानंतरचं नाव तिसरंच, आणि इंग्रजी स्पेलिंग ज्या कारकुनाच्या हाती पडेल तसं. 1 नोव्हेंबर 2014 ला ‘बेळगाम’चं ‘बेळगावी’ झालं, म्हणून एकाच घरात दोन जन्मगावं दिसतात. त्याची काळजी करू नका, फक्त व्हिसा, तिकीट, विमा सगळीकडे पासपोर्टवर जे छापलंय तेच अक्षरन् अक्षर लिहा. आडनावाचा रकाना मोकळा असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. पुढेमागे दुबईला जायचं झालं तर एकाच शब्दाच्या नावावर तिथला पर्यटक व्हिसा अडतो. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी.

भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा आधीच काढावा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढणं सोपं. त्याशिवाय ‘एसजी अरायव्हल कार्ड’ नावाचा ऑनलाइन फॉर्म असतो, तो पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा. तो पूर्ण फुकट आहे. शोधायला गेलात की पैसे मागणारी हुबेहूब संकेतस्थळं आधी वर येतात, तिथं कार्डाचा नंबर टाकू नका.

आता बॅगा. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या बॅगा आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर उपड्या केल्या. मामींनी तोंड वाकडं केलं, पण करा असंच. मामांच्या बंडीच्या खिशातून पितळी डबी निघाली, तपकिरीची. झाकण इतकं घासलेलं की नक्षी गेलेली. निपाणीचा माणूस, तंबाखूच्या वखारींच्या वासात वाढलेला. “तपकीर म्हंजे काय दारू हाय काय?” मामा म्हणाले. दारू परवडली हो. सिंगापुरात तपकीर, जर्दा, खैनी, गुटखा यांवर 2016 पासून बंदी आहे, ‘माझ्यापुरतं आणलंय’ हे उत्तर चालत नाही. तंबाखूची मिश्री लावणाऱ्या आज्या-आत्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. विडी-सिगारेटला बंदी नाही, पण करमाफीही नाही. पहिल्या कांडीपासून विमानतळावर कस्टमच्या लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करायचं आणि कर भरायचा. ई-सिगारेट तर अजिबात नको. च्युइंगगमही घरीच ठेवा, 1992 पासून तिथं आणायला बंदी आहे.

डबी बेळगावातच राहिली. मामा त्यानंतर गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरा घोळ फराळाचा. आत्यांनी अनारसे केले होते आणि अनारसा म्हटला की खसखस आलीच. करंजीच्या सारणातही असते. खसखशीत अफूच्या अल्कलॉइडचा अंश राहू शकतो, म्हणून ती सिंगापूरला नेता येत नाही. दुबईत तर ती थेट अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि त्यापायी भारतीय प्रवासी तुरुंगात गेलेले आहेत. आखातातल्या लेकीला दिवाळीचा डबा पाठवणाऱ्या घरांनी हे फ्रिजवर लिहून लावावं. मटणाचं लोणचं, सुकं चिकन नको, कारण भारतातून मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. खोबऱ्याच्या अख्ख्या सुक्या वाट्या चेक-इन बॅगेत ठेवू नका. त्यात तेल असल्यानं विमान सुरक्षेच्या नियमात त्या ज्वलनशील ठरतात. शेंगदाण्याची चटणी, भडंग, चिवडा, दशम्या, गोकाकचा करदंट यांनी कुठेही त्रास दिला नाही. तेलाचं लोणचं आणि तूप केबिनमध्ये अडतं, चेक-इनमध्ये दुहेरी पिशवीत बांधून टाका. आणि हो, सुपारीचा अडकित्ता हातातल्या पिशवीत राहू देऊ नका.

पॉवर बँकेचं मात्र उलटं. ती केबिनमध्येच, चेक-इनमध्ये कधीच नाही. क्षमता 100 वॅट-तासांच्या आत हवी, नेहमीची 10,000 किंवा 20,000 एमएएचची त्यात बसते. विमानात तिच्यावर फोन चार्ज करू देत नाहीत अशा कंपन्या आता वाढल्यात, तेव्हा फोन आधीच भरून घ्या. सिंगापूरचे प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात. अडॅप्टर इथूनच घ्या.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि तीही केबिन बॅगेत. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांना अडचण नाही, स्वतःपुरत्या तीन महिन्यांच्या नेता येतात. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, जबर वेदनाशामकं यांना मात्र तिथल्या ‘हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटी’ची आगाऊ परवानगी लागू शकते. गोळ्या एकाच डब्यात काढून भरायची आपली सवय इथं महागात पडते, कारण सुट्या पांढऱ्या गोळीवर नाव नसतं.

शेवटचं, आणि यात भीड ठेवू नका: दुसऱ्याचं पार्सल. “आमच्या पोराला एवढं दे की, तिथं विमानतळावर घ्यायला येतोय,” असं गल्लीतलं कुणीतरी म्हणतंच. स्वतः उघडून पाहिलं नसेल तर नेऊ नका. 15 ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइनच्या तस्करीला सिंगापुरात फाशी आहे, आणि बॅग तुमची असेल तर त्यात काय होतं ते माहीत नव्हतं हे सिद्ध करणंही तुमच्याच गळ्यात पडतं. आईनं एका शेजारणीला सरळ सांगितलं, “आमची मुलगी नाही म्हणते.” माझ्या नावावर खुशाल खपवा म्हटलं.

आम्ही बेंगळुरूहून उडालो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर झोपून जाता येतं. उतरताना मुख्य स्थानकापर्यंत न जाता यशवंतपूरला उतरा, देवनहळ्ळीचा विमानतळ तिथून जवळ पडतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणं टर्मिनल 2 वरून आहेत, टॅक्सीवाल्याला हे आधी सांगा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरूला जाणार असाल आणि तिकिटं वेगवेगळी असतील, तर सामान तिथं घेऊन पुन्हा जमा करावं लागतं आणि देशांतर्गत वजनाची मर्यादा कमी असते, हे हिशेबात धरा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. पैसे लागत नाहीत. आत्यांना लाज वाटत होती, पण लांबच लांब रांगेच्या शेजारून पुढे गेल्यावर ती गेली.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर यंत्रावर चेहरा आणि अंगठे द्यावे लागतात. आत्यांचा अंगठा शेतातल्या कामानं झिजलेला, यंत्र काही घेईना. घाबरायचं कारण नाही, अशांना कर्मचारी बाजूला बोलावून माणसाच्या काउंटरवर पाठवतात. परतीचं तिकीट आणि हॉटेलचा पत्ता कागदावर छापून प्रत्येकाच्या हाती द्या, एकाच्याच फोनमध्ये नको.

हवा दमट, विषुववृत्त हाकेच्या अंतरावर, पाऊस कधीही. बेळगावच्या पावसात वाढलेल्याला छत्रीचं कौतुक नको, पण घाम मात्र वेगळाच. सुती कपडे न्या, आणि सोबत एक पातळ स्वेटर किंवा शाल, कारण मॉल आणि मेट्रोतला एसी हाडात शिरतो. चालणं भरपूर होतं, नवीन बूट तिथं पहिल्यांदा घालू नका.

मेट्रोत, म्हणजे तिथल्या एमआरटीत, खाणंपिणं पूर्ण बंद. पाण्याचा घोटसुद्धा नको. दंड 500 सिंगापूर डॉलरपर्यंत जातो. आईनं सवयीनं शेंगदाण्याची पुडी काढली तेव्हा समोरच्या मुलीनं हळूच भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू घाईतल्यांसाठी मोकळी. खुणेच्या पट्ट्यांपासून 50 मीटरच्या आत मध्येच रस्ता ओलांडणं हा गुन्हा आहे, खडेबाजारातली सवय इथं विसरायची. मोठ्यानं फोनवर बोलणं, स्पीकरवर व्हिडिओ लावणं हे नियमात असो नसो, लोक वळून बघतात.

जेवणाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपली माणसं तिथंच गोंधळतात. स्वस्त आणि चांगलं खायचं तर हॉकर सेंटर, एका छपराखाली पंचवीस-तीस टपऱ्या. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा धरलेली समजा. आपल्याकडे एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकतात तसंच. मामांनी ते पाकीट उचलून नाक पुसलं, पुढचं सांगत नाही. विक्रेते वयस्कर असतील तर ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणायचं, सगळे म्हणतात. खाऊन झालं की ताट स्वतः उचलून ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचं. सप्टेंबर 2021 पासून हा नियमच आहे आणि ऐकलं नाही तर दंड होतो. ठेवतानाही बघा, हलाल ताटांचा रॅक वेगळा असतो. त्यात इतर ताट घातलं तर मुस्लिम मंडळींना ते खटकतं आणि रास्तच आहे.

शाकाहारींनी ‘व्हेज’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. भाजीत ऑयस्टर सॉस, मलाय चटणीत सुक्या कोळंबीचं वाटण सहज असतं, नुसती भाजी दिसली म्हणजे झालं असं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या जैन मंडळींसाठी चिनी बौद्ध शाकाहारी टपऱ्या बऱ्या, तिथं कांदा-लसूण सहसा नसतो. बटाटा आणि अळंबीचं मात्र विचारून घ्या. नाहीतर लिटल इंडिया आहेच. सेरंगून रोडवरचं कोमला विलास 1947 पासून डोसा घालतंय. मामींनी तिथं पोचल्यावर पहिल्यांदा पोटभर खाल्लं. नळाचं पाणी थेट पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका. मोठ्या हॉटेलात मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर वर 10 टक्के सेवा आकार आणि 9 टक्के जीएसटी लागणार. टिप वेगळी द्यावी लागत नाही.

साउथ ब्रिज रोडवरचं मारियम्मन मंदिर 1827 सालचं. मंदिरात काय किंवा सुलतान मशिदीत काय, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी नेसलेल्यांना काहीच अडचण नाही, अडचण चड्डीतल्या भाच्यांची होते.

पैशांचं थोडक्यात. रोख परकीय चलन एका प्रवासात 3,000 अमेरिकी डॉलरपर्यंतचं नेता येतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आधी चालू करा, बहुतेक कार्डांवर तो बंद असतो. मेट्रो-बसला तेच कार्ड टेकवून जाता येतं, पण प्रत्येकाला वेगळं कार्ड हवं. दुकानातलं यंत्र ‘रुपयात घेऊ की सिंगापूर डॉलरमध्ये’ असं विचारतं, तेव्हा डॉलरच निवडा. रुपयातला दर ते आपल्या सोयीनं लावतात. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून जुनं सिम फोनमध्ये चालू राहू द्या.

पोलिसांचा नंबर 999, रुग्णवाहिकेचा 995. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसात नोंद, मग ग्रेंज रोडवरचं भारतीय उच्चायुक्तालय. पासपोर्टच्या झेरॉक्स दोन बॅगांत वेगवेगळ्या ठेवा. प्रवास विमा काढाच, परदेशी माणसाला तिथलं हॉस्पिटल झेपत नाही.

परत येताना खरेदीचं पाहा. 100 डॉलरवरच्या खरेदीवर भरलेला जीएसटी ठरावीक दुकानांतून घेतला असेल तर चांगीवर यंत्रावर परत मागता येतो, पण वस्तू तपासायला दाखवावी लागू शकते. म्हणून बॅग जमा करण्याआधी तिकडे जा. मुस्तफा सेंटर रात्री उशिरापर्यंत उघडं असतं आणि तिथं गेलेला माणूस वजनाचा काटा विसरतो, तेव्हा हातात उचलायचा छोटा काटा इथूनच न्या. मामींच्या बॅगेचं वजन काउंटरवर जास्त भरलं आणि चार डबे मामांच्या कोटाच्या खिशांत गेले.