फादर फ्लॅनगन आणि आमची मेस कमिटी

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी लगेच कळवलं की मी 'बॉइज टाउन' या सिनेमावर लिहिणार. माझ्या बॅचच्या मुलांना याचं कारण सांगायला नको. पण आमच्यानंतर आलेल्यांना ती गोष्ट माहीत असायला हवी, कारण आपल्या बोर्डिंगची मेस कमिटी त्या सिनेमातून जन्माला आली.

तेव्हाचे आमचे प्रिन्सिपॉल फादर वसईकडचे. वर्षातून एखाद-दोनदा ते पुण्याहून सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर मागवायचे. पत्र्याच्या गोल डब्यांतली रिळं एसटीच्या टपावरून यायची आणि ती उतरवून घ्यायला आमच्यात भांडणं व्हायची. 'बॉइज टाउन' इंग्रजी आणि आम्ही बहुतेक नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधले, त्यामुळे संवाद डोक्यावरून जायचे. रीळ बदलायला दिवा लागला की फादर उभे राहून पुढची गोष्ट मराठीत सांगायचे. मला तो सिनेमा आजही अर्धा नायकाचं काम करणाऱ्या स्पेन्सर ट्रेसीच्या आणि अर्धा आमच्या फादरांच्या आवाजात आठवतो.

सिनेमा १९३८ चा, कृष्णधवल, दिग्दर्शक नॉर्मन टॉरॉग. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ओमाहा शहराजवळ अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांचं गाव वसवणारे फादर एडवर्ड फ्लॅनगन, हे त्याचे नायक. सुरुवातीलाच मृत्युदंड झालेला एक कैदी संतापून म्हणतो, की मी बारा वर्षांचा उपाशी पोरगा होतो तेव्हा मला एक जरी मित्र असता तर मी आज इथं नसतो. ते ऐकून फादर फ्लॅनगन कामाला लागतात. मग व्हायटी मार्श येतो, मिकी रूनीनं केलेला. पत्ते कुटणारा, गुर्मीत चालणारा पोरगा, पण त्या गावात मुलांचा महापौर मुलंच मतं देऊन निवडतात हे कळल्यावर तोही निवडणुकीला उभा राहतो. हरतो, रागानं निघून जायला लागतो, आणि चिमुकला पी वी त्याच्यामागे धावत रस्त्यावर येतो तो थेट मोटारीसमोर. त्या क्षणी आमच्या हॉलमध्ये एक पोरगं उठून 'अरे थांब!' असं ओरडलं होतं.

व्हायटीची कहाणी काल्पनिक आहे. फादर फ्लॅनगन मात्र खरे, आणि मोठेपणी त्यांच्याविषयी वाचत गेलो तसतसे ते मला सिनेमातल्यापेक्षा मोठे वाटत गेले. ते मूळचे आयर्लंडचे, जन्म १८८६ चा. ओमाहात आधी ते बेघर, बेकार पुरुषांसाठी निवारा चालवत. त्या माणसांशी बोलता बोलता त्यांना कळलं, की यांची वाताहत लहानपणीच सुरू झाली होती. मग १२ डिसेंबर १९१७ ला उसन्या ९० डॉलरवर त्यांनी भाड्याच्या घरात पाच मुलं ठेवून घेतली. १९२१ मध्ये शहराबाहेर शेतजमीन मिळाली, १९३६ मध्ये त्या वस्तीला सरकारदरबारी गावाचा दर्जा मिळाला. काळा-गोरा, कॅथलिक-ज्यू असा भेद त्यांनी मुलांमध्ये केला नाही, आणि तो काळ वर्णभेदाचा होता हे विसरून चालणार नाही.

ट्रेसीला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं आणि ते त्यानं फ्लॅनगनांना देऊन टाकलं. संस्थेची मात्र पंचाईत झाली. एवढा सिनेमा गाजला म्हणजे यांच्याकडे पैसा वाहत असणार असं लोकांना वाटलं आणि देणग्या आटल्या. खरं तर स्टुडिओकडून मिळाले होते फक्त ५,००० डॉलर.

माझ्या दृष्टीनं त्यांचं सर्वांत धाडसाचं काम १९४६ चं. जन्मभूमीत गेले असताना तिथल्या सुधारगृहांत आणि औद्योगिक शाळांत मुलांना होणाऱ्या मारहाणीवर ते जाहीर सभांमधून बोलले. त्यातल्या बऱ्याच संस्था त्यांच्याच चर्चच्या माणसांच्या हातात होत्या. तिथल्या मंत्र्यांनी संसदेत त्यांचं म्हणणं झिडकारलं आणि पुढं कित्येक दशकांनी, चौकशी झाल्यावर, ते खरं ठरलं. पाहायला ते नव्हते. युद्धात पोरक्या झालेल्या मुलांच्या कामासाठी युरोपात गेलेले असताना १५ मे १९४८ रोजी बर्लिनमध्ये ते वारले.

आता आमच्याकडे येतो. सिनेमा संपल्यावर आमचे फादर म्हणाले, "उद्या तुमची निवडणूक. मेस तुम्ही चालवायची." साल १९७२ चं, दुष्काळाचं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळायची, त्याच्या भाकरीला चव नसायची. अशा वेळी मेस पोरांच्या हाती द्यायची म्हणजे केवढी जोखीम! आम्ही पाच जण निवडून आलो. आठवड्याच्या बाजारी पिशव्या घेऊन किराणा दुकानात जायचो. पहिल्यांदा शेठनी आम्हाला ताटकळत ठेवलं, पुढं पुढं मात्र काटा आमच्याकडे वळवून माप दाखवू लागले.

महिना झाला तसे आम्ही हिशेबाची वही घेऊन फादरांकडे गेलो. त्यांनी ती उघडली नाही. "मला कशाला दाखवता? जे जेवतात त्यांना दाखवा." मग वहीला भोक पाडून सुतळी ओवली आणि ती स्वयंपाकघराच्या दारावर खिळ्याला अडकवली. येता-जाता पोरं ती चाळत, शेंगदाणे एवढे कसे संपले म्हणून जाब विचारत. तूरडाळ परवडेना तेव्हा आठवड्यातून तीनदा हुलग्याचं माडगं करायचं ठरलं, तेही सगळ्यांना जेवणानंतर बसवून, हात वर करायला लावून. विरोधात गेलेल्या पोरांनीही माडगं गुमान प्यायलं. मी पुढं सहकारी पतसंस्थेत जन्मभर काम केलं, पण त्या वहीइतके स्वच्छ हिशेब फार थोड्या ठिकाणी पाहिले.

हल्ली बोर्डिंगचं जेवण कंत्राटावर असतं असं ऐकलं. व्यवस्थापनाला माझी कळकळीची विनंती आहे. महोत्सवाच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ 'बॉइज टाउन' दाखवा, मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगायला मी येतो. आणि जूनपासून निदान रविवारची मेस मुलांनी निवडलेल्या कमिटीच्या हाती द्या. पहिल्या वर्षी किराण्यात जी तूट येईल ती आमची बॅच भरून देईल. तसं सगळ्यांशी बोलून ठेवलं आहे.